ताडपत्रीखालचा संसार

सहामाही परीक्षेच्या आधी वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा गठ्ठ्यात एक वही अशी निघाली की ती इतर वह्यांवर नीट बसेचना. पानं फुगलेली, कडा लहरींसारख्या वर आलेल्या, आणि कव्हरचा लाल रंग उतरून उर्दूच्या इमल्यावर पसरलेला. मुलगा मणियारांचा. नवरात्राच्या दिवसांत आठ दिवस गैरहजर होता. आम्ही विचारलं तर मान खाली घालून एवढंच म्हणाला, "सर, टेम्पोत पाणी आलं."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. अंगणभर पुठ्ठ्याचे खोके उन्हाला टाकलेले, आणि मुलाची अम्मी व दादी त्यातून साबूत बांगड्या निवडून दोऱ्यात ओवत बसलेल्या. एका जत्रेहून परतताना रात्री पाऊस लागला, ताडपत्रीच्या मधोमध पाणी साचलं, एक कडी तुटली आणि ते सगळं पाणी एकदम मालावर आलं. आम्हाला वाटलं, काचेच्या बांगडीला पाण्याचं काय? फिरोजाबादच्या भट्टीतून निघालेली काच, ती भिजली काय नि कोरडी राहिली काय! मुलाच्या आजोबांनी, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणते, आमची चूक दुरुस्त केली. भिजते बांगडी नाही, भिजतो खोका. पुठ्ठा मऊ पडला की वरच्या सहा थरांचं ओझं खालच्या बांगड्यांवर येतं. मग गाडी खड्ड्यात आपटते आणि खालचे दोन थर चुरा होतात. चाचा म्हणाले, "सर, बारिश ने आधा मारा, खड्डे ने आधा. अकेला कोई नहीं मारता."

चाचांचं ते वाक्य मनात बसलं, आणि हा लेख त्यातूनच सुरू झाला. आपल्या समाजात किती घरांची रोजी चाकांवर आहे! मणियार, बागवान, अत्तार, पिंजारी, शिकलगार; आठवडे बाजार, जत्रा, उरूस, लग्नसराई. कर्जतहून राशीन, मिरजगाव, पुढे जामखेड, करमाळा, काष्टीचा जनावरांचा बाजार, मढीची यात्रा. पूर्वी हे फिरणं बैलगाडीतून, घोड्यावरून, नंतर सायकलवरून आणि एसटीच्या टपावरून झालं. २००५ साली टाटांचा एस टेम्पो आला, लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ नाव दिलं, आणि कर्ज काढून का होईना दुकान स्वतःच्या चाकांवर आलं. पुढे पिकअप आल्या. आज अशी गाडी म्हणजे गोदाम, दुकान आणि जत्रेच्या रात्री घरसुद्धा. माल खाली उतरवला की त्याच फळीवर अंथरूण पडतं. सरकारने २०२१ मध्ये हौशी पर्यटकांसाठी कॅरॅव्हॅन धोरण आणलं, तेव्हा पेपरात चकचकीत गाड्यांचे फोटो आले होते. आमच्या गल्लीला त्यात नवल काही वाटलं नाही.

काफिल्याची ही रोजी आपल्या दीनला अनोळखी नाही. सूरह कुरैश आपण नमाजमध्ये कितीदा पढतो. त्यात कुरैशांच्या हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या सफरींचा उल्लेख आहे. मुफस्सिरीन सांगतात की हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे हे काफिले जात. म्हणजे ऋतू पाहून वाट धरण्याची रीत. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामचा प्रवास केला. दुसऱ्याचा माल सुखरूप पोचवणं ही अमानत होती, आणि त्या अमानतीची मक्केत ख्याती झाली. तिर्मिजीमधली उंटाची रिवायत तर मुलांनाही ठाऊक असते: उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू की बांधून ठेवू, असं एकाने विचारलं, तेव्हा आधी बांध आणि मग तवक्कुल कर, असं त्याला सांगण्यात आलं. ताडपत्रीची कडी तुटकी असल्याचं मागच्या बाजारालाच दिसलं होतं, हे त्या मुलाच्या अब्बांनी आमच्यापुढे कबूल केलं. राहून गेलं, म्हणाले. राहून जाणं आणि तवक्कुल यांत फरक आहे, तो आपणच आपल्याला विचारायचा.

आपल्या दख्खनलाही काफिले नवे नाहीत. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांच्या मागे फिरत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, त्या मोहिमेत त्याच्या फौजेच्या दाण्यापाण्याची भिस्त याच बंजाऱ्यांवर होती. पाठीवरच्या गोणीला पावसापासून राखणं हीच त्यांची विद्या. मीठ भिजलं की तांड्याची कमाई वाहून गेली. फिरत्या धंद्याचा हा हिशेब दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

आता आपल्या हवेकडे येऊ. कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. इथे पाऊस कमी, म्हणून ताडपत्रीची हेळसांड होते आणि तिथेच माणूस फसतो. आमच्याकडे पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा आडवा पडतो. मे महिन्यातला वळीव दुपारपर्यंत कडक ऊन दाखवून अस्रनंतर वावटळीसकट येतो. खरा भरवशाचा पाऊस परतीचा, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांतला. म्हणजे नेमका नवरात्राच्या, जत्रांच्या दिवसांतला. गारपीटही विसरून चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारांनी जो कहर केला, तो लग्नसराईच्या तोंडावर होता. आणि २०२५ तर वेगळंच साल निघालं. मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला आणि सप्टेंबरात सीना नदीला असा पूर आला की काठच्या गावांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. सीना आपल्याच तालुक्यातून जाते, निमगाव गांगर्डा इथे तिच्यावर धरण आहे. पण तिला इतकं पाणी येईल असं कुणी धरून चालत नव्हतं. ‘आमच्याकडे पाऊस कुठे पडतो’ हे बोलणं आता सोडलेलं बरं.

ताडपत्रीबद्दल चाचा जे सांगतात ते आम्ही वहीत उतरवून घेतलं. दोन जाती. एक जुनी सुती कॅनव्हासची, मेण दिलेली, जड, उग्र वासाची. भिजली की तिचा धागा फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात, म्हणून पाणी आत येत नाही. पण पाऊस चालू असताना आतून तिला हात किंवा खोका टेकला की तिथूनच ठिबक लागते. तिचा मोठा गुण म्हणजे ती श्वास घेते. दुसरी प्लॅस्टिकची, हलकी, स्वस्त, पाणी अजिबात न धरणारी. पण रात्री गार पडलं की तिला आतून घाम फुटतो. सकाळी लोक म्हणतात ताडपत्री गळली, आणि प्रत्यक्षात ते आतल्याच हवेतलं पाणी असतं. खाण्याचा माल, कापड, कागदी खोके असतील तर प्लॅस्टिक मालाला चिकटवून घालू नये. मध्ये बांबू किंवा पाइपाची कमान असावी आणि मागच्या बाजूला, पावसाच्या उलट अंगाला, वारा खेळण्यापुरती फट असावी.

प्लॅस्टिकची ताडपत्री घेताना फसवणूक फार होते. तिची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. हा तर सहावीचा हिशेब आहे. बारा बाय अठरा फुटांची ताडपत्री २१६ चौरस फूट, म्हणजे साधारण २० चौरस मीटर. दुकानदार २५० जीएसएम म्हणत असेल तर ती ५ किलोच्या आसपास भरली पाहिजे. साडेतीन किलो भरली तर ती २५० ची नाही, मग तो काहीही सांगो. आम्ही हे उदाहरण वर्गात फळ्यावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी घरच्या ताडपत्र्या तराजूवर घालून आणल्याचं सांगितलं. एका घरी त्यावरून दुकानदाराशी भांडण झालं, त्याबद्दल आम्ही मनोमन माफी मागितली, पण ताडपत्री बदलून मिळाली.

दुसरा हिशेब पाण्याचा. एक चौरस मीटर जागेवर दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १०० लिटर, म्हणजे १०० किलो. ताडपत्रीच्या मधल्या झोळात दोन माणसांचं वजन झोपवल्यासारखं होतं. कडी तुटते ती यामुळे. म्हणून वरून कमान हवी, मध्ये उंच, दोन्ही अंगांना उतार. बांधताना दोर थेट पितळी कडीतून ओढायचा नाही. कडीच्या आत ताडपत्रीची कड दुमडून त्यात लहान गोटा धरायचा आणि त्याच्या मागून दोराचा फास घ्यायचा; मग ताण एका भोकावर न येता कापडावर पसरतो. चाचांच्या ताडपत्रीला असे अकरा गोटे बांधलेले आहेत. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या दोराच्या टोकाला लावल्या तर वाऱ्याचा झटका रबर खातं, कडी वाचते. आणि दोर फडफडता ठेवू नये. ताडपत्री पावसाने जितकी फाटत नाही तितकी चालत्या गाडीच्या वाऱ्याने फडफडून फाटते; घासली जाते तिथे, कोपऱ्याच्या लोखंडावर, जुन्या गोणपाटाची घडी ठेवावी. पाऊस उघडला की सोडून वाळवावी. ओलीच गुंडाळून ठेवली तर सुती ताडपत्री आठ दिवसांत बुरशीने काळी पडते. प्लॅस्टिकवाली उन्हाने मरते. कवडसा दिसायला लागला, बोटाने चोळल्यावर पांढरी पूड निघायला लागली, की तिला गाडीवरून उतरवून कडब्यावर टाकायची. तिचं वय झालं.

वरून पाणी थांबलं तरी खालून येतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी हौद्याच्या फळीच्या सांध्यांतून वर येतं. खालचा थर कधीच थेट पत्र्यावर ठेवू नये. लाकडी पट्ट्यांची चार बोटं उंच जाळी करावी, तिच्यावर माल. सर्वांत खाली प्लॅस्टिकचे क्रेट, पुठ्ठा नेहमी वर. त्या मणियार घराने आता हेच केलं आहे. भाजीवाल्यांकडून जुने क्रेट घेतले, आणि काचेचा माल त्यांत ठेवतात. वजनदार माल खाली आणि पुढच्या बाजूला, हलका वर. उलटं केलं तर वळणावर गाडी डुलते. छोट्या हत्तीची कुवत साधारण पाऊण टनाची. आपण तिच्यावर माल, पाळ्याचे पाइप, भट्टी, सिलिंडर, अंथरुणं आणि पाच माणसं घालतो, आणि पाटा तुटला की रस्त्याला नावं ठेवतो.

रस्त्याला नावं ठेवायला जागा आहेच म्हणा. मोठे रस्ते सुधारले, पण बाजाराची गावं आतल्या रस्त्यावर असतात. काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचा डांबराचा थर तिच्यासोबत हलून फुटतो. साईडपट्टी खचलेली. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की टेम्पोला डांबर सोडून खाली उतरावं लागतं, आणि पावसाळ्यात त्या काळ्या चिखलात चाक रुतलं की मागच्याच्या मदतीशिवाय निघत नाही. अशा वेळी चाकाखाली दगड लावतात. गाडी निघते, दगड तिथेच राहतो. पंक्चर काढणारेही चाकामागे लावलेला धोंडा तसाच टाकून जातात. रात्री मोटारसायकलवाला त्याच्यावर येतो. वाटेवरची इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग आहे, ही हदीस आपण मुलांकडून पाठ करून घेतो. धोंडा उचलायला अर्धा मिनिट लागतो.

गाडीची निगा म्हणजे मोठा खर्च असं नाही. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. चालून तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते आणि आपण फसतो. कमी हवेचा टायर बाजूने दबून तापतो, आणि मे महिन्यात, भरल्या गाडीत, तोच फुटतो. टायर घेताना त्याच्या अंगावरचा चार आकडी नंबर वाचावा. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुन्या बाजारातून ‘नवीसारखा’ म्हणून मिळणारा टायर कधीकधी आपल्या शाळेतल्या मुलाएवढ्या वयाचा निघतो. खोबणीच्या तळाशी रबराची छोटी उंच खूण असते. टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की ओल्या रस्त्यावर तो धरत नाही.

पाट्यांकडे महिन्यातून एकदा फजरनंतर टॉर्च घेऊन वाकून पाहावं. दोन पाट्यांच्या मधून तांबड्या गंजाची रेघ खाली आली असेल, किंवा चाकाच्या नटाभोवती तसा ओघळ दिसत असेल, तर ते ढिलं झालं आहे किंवा तडा गेला आहे. गंज आधी बोलतो, मोडणं नंतर होतं. यू-बोल्ट आवळलेले हवेत. चाक बदललं की पन्नासएक किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळावेत. हे न केल्याने चाक निखळून गाडीच्या पुढे धावत गेल्याचा किस्सा प्रत्येक बाजारात कुणी ना कुणी सांगतोच. पावसाळा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर बेअरिंगला ग्रीस. पाणी भरलेल्या फरशीवरून गाडी काढली असेल तर बेअरिंग आणि ब्रेक दोन्ही दाखवून घ्यावेत. हौद्याच्या कोपऱ्यांत चिखल साठतो आणि तिथूनच पत्रा सडतो. धुताना पाण्याची नळी वर न धरता खालून मारावी, आणि उन्हाळ्यात एकदा गंज घासून रेड ऑक्साईडचा हात द्यावा. एक डबा रंग आणि एका सुट्टीच्या दिवसाचं काम. आमच्या गल्लीत हे काम ईदच्या आधी करतात. घराला चुना आणि गाडीला रंग, दोन्ही एकाच दिवशी.

पुराच्या पाण्याबद्दल मात्र हिंमत दाखवू नये. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. भरलेली गाडी जड आहे म्हणून टिकेल ही समजूत चुकीची. पाणी फरशीवरून जाताना खालचा रस्ता आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. माल अडकला, बाजार बुडाला, तरी अलीकडे थांबावं. विजांचंही तसंच. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोबाईल ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी सांगतं. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगितलं तर ती दोन मिनिटांत घालून देते. वीज कडाडत असताना लोखंडी पाइपांच्या पालाखाली किंवा झाडाखाली उभं राहू नये. काचा लावून टेम्पोच्या केबिनमध्ये बसणं बरं. बंद पत्र्याची केबिन वीज बाहेरून जमिनीत जाऊ देते. ताडपत्री टाकलेला मागचा हौदा ही राखण देत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडखळतो, कारण ते आमच्याच लोकांबद्दल आहे. माल मागे असतो आणि मालावर मुलं असतात. जत्रेला सगळं घर निघतं. केबिनमध्ये तिघे मावतात, बाकीचे ताडपत्रीखाली. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्याला मान्य नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. गाडी उलटली तर मागच्यांना धरायला काही नसतं आणि वर माल येतो. थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, पण मालाच्या गाडीत बसलेल्या घरच्या माणसांची भरपाई त्यातून मिळेल असं समजू नये. विम्याच्या शरई बाजूबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मुफ्तींना विचारावं. आमचं म्हणणं साधं आहे: एसटी आहे. बायका-मुलांनी एसटीने यावं. तिकिटाचे पैसे वाचवतो म्हणणाऱ्या एका भाईंना आम्ही विचारलं, बांगड्यांचा खोका तुम्ही पुठ्ठ्याशिवाय ठेवाल का? ते रागावले. पुढच्या जत्रेला भाभी आणि मुली एसटीने गेल्या, हेही सांगायला हवं.

आणि जिथे झोपायचं, तिथे सिलिंडर व शेगडी ठेवू नये. थंडीच्या रात्री ताडपत्री चारी बाजूंनी ओढून आत कोळशाची शेगडी पेटवतात. त्या धुराला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गाडीखाली झोपण्याची सवयही सोडावी. रात्री कुणी गाडी मागे घेताना खाली कोण आहे ते पाहत नाही.

या तालुक्यात काफिला म्हटलं की आणखी एक दृश्य डोळ्यांपुढे येतं. दिवाळीच्या सुमारास कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजूर निघतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर भांडी, कोंबड्या, पेट्या, कोपीसाठी बांबू आणि प्लॅस्टिक, वर म्हातारी माणसं आणि मुलं. काही बैलगाड्या घेऊन. याच नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचा पहिला हंगाम लागला. त्या कारखानदारीने जिल्ह्याचा एक भाग बागायती केला, आणि दुसऱ्या भागाला दरवर्षी चाकांवर चढवलं. मार्चपर्यंत त्यांचा संसार प्लॅस्टिकच्या कोपीत. अवकाळी आला की आधी पीठ भिजतं, मग अंथरूण, मग मुलांची पुस्तकं. त्यांत आपलेही लोक आहेत, थोडे का होईना.

त्यांच्या ट्रॉल्यांना मागून रेडियम नसणं ही या भागातली जुनी जीवघेणी गोष्ट. पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी, दिवा नाही, आणि मागून येणाऱ्याला ती दहा हातांवर आल्यावर दिसते. बाजाराच्या गाड्यांचंही तेच. ताडपत्री मागे लोंबत राहते आणि टेललाइट झाकून टाकते. निघताना एकदा मागे जाऊन दिवे दिसतात का ते पाहावं, आणि ताडपत्रीच्या लोंबत्या कडेलाच रेडियमची पट्टी शिवून टाकावी. चाचांच्या सुनेने ती मशिनवर शिवली आहे, लाल आणि पांढरी, साडीच्या काठासारखी. अपघात झालाच तर १०८ ला फोन करावा.

मुलांच्या शिक्षणाचं थोडं सांगतो, कारण तो आमचा धंदा. स्थलांतर करणाऱ्या घरातल्या मुलांना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते घेऊन गेलं की जिथे मुक्काम तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर झाली. बाजारवाल्या घरांना मात्र आठ-आठ दिवसांच्या गैरहजेरीत कुणी विचारत नाही, ती मोजणीतही येत नाही. जत्रेला निघण्याआधी शिक्षकांना सांगून जा. आम्ही अभ्यास लिहून देतो, रागावत नाही. न सांगता गेलात तर रागावतो.

त्या घरी शेवटचं गेलो ते रमजानच्या आधी, चांदरातीचा माल भरायची घाई होती तेव्हा. चांदरात म्हणजे मणियारांचं वर्ष. त्या एका रात्रीवर तीन महिन्यांची उधारी फिटते. नवी ताडपत्री आली होती. चाचांनी ती आमच्यासमोर स्वतः तराजूवर घातली, चष्मा वर करून काटा पाहिला आणि काही बोलले नाहीत. मुलाचे अब्बा खाली वाकून पाट्यांना ग्रीस लावत होते. मुलगा आम्हाला पाहून हौद्यात चढला आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यातून पत्र्याची एक पेटी ओढून काढली, पूर्वी तीत अत्तराच्या बाटल्या असायच्या. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली. आत त्याच्या वह्या होत्या, उर्दूची नवी वही सगळ्यांत वर. ट्यूबची पट्टी कुणी लावली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मैं ने." मग त्याने पेटीवर मग्याने पाणी ओतून दाखवलं. आम्ही नको नको म्हणेपर्यंत ओतून झालं होतं. उघडून पाहिलं, वह्या कोरड्या होत्या.